पाचारण (देवाचं बोलावणं): फादर व्हायचा विचार मनातून जात नाही, पण हा आनंद टिकतो का?

उंबरठा:
बरेच दिवस लिहू की नको करत होतो. वय २६, शिक्षण पूर्ण, नोकरी चालू आहे आणि ती मला आवडते. तरीही फादर व्हावं हा विचार शाळेपासून येतो, जातो, पुन्हा येतो. मिस्सानंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) सगळे निघून गेल्यावर थोडा वेळ बसतो तेव्हा हा विचार अगदी स्वच्छ वाटतो. घरी आलो की भीती सुरू होते. घरसंसार नाही, मुलंबाळं नाहीत, बदली होईल तिकडे जायचं, आणि चाळिशीत एखाद्या रात्री वाटलं की चुकलं, तर?

आईला कल्पना आहे. बाबांना अजून सांगितलेलं नाही. मी एकुलता एक.

दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. मनात जो आनंद येतो तो देवाचा की माझ्याच मनाचा, हे ओळखायचं कसं? आणि तो पुढे आयुष्यभर राहतो का? जे हे आयुष्य जगताहेत किंवा ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांनी मोकळेपणानं लिहावं.

साधा फादर:
मी धर्मप्रांतीय गुरू आहे, म्हणजे बिशपांच्या हाताखाली एका धर्मप्रांतात काम करणारा फादर. केस पिकलेत. तुमचा पहिला प्रश्न नवा नाही, त्यावर आपल्या परंपरेत फार बारकाईनं विचार झालाय.

१५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्यानं पाय मोडला आणि इग्नेशियस, पुढे येशूसंघ स्थापन करणारा संत, महिनोन्महिने अंथरुणाला खिळला. वाचायला त्याला शूरवीरांच्या कथा हव्या होत्या. घरात मिळालं ते ख्रिस्तचरित्र आणि संतांची चरित्रं. पडल्या पडल्या तो दोन प्रकारची स्वप्नं बघायचा. एक, पराक्रम गाजवून एका थोर घराण्यातल्या स्त्रीचं मन जिंकायचं. दुसरं, फ्रान्सिस आणि डॉमिनिक या संतांनी केलं तसं आपणही करायचं. दोन्ही स्वप्नं बघताना सारखीच गोड. फरक नंतर पडायचा. पहिलं ओसरलं की मन कोरडं व्हायचं, दुसरं ओसरल्यावरही समाधान मागे राहायचं. कसोटी हीच, आणि मला आजवर तिच्याहून चांगली सापडलेली नाही. विचार चालू असताना काय वाटतं त्याला फार किंमत देऊ नका. तो विचार उठून गेल्यावर मनात काय राहतं ते पाहा, आणि एकदा नाही, बरेच महिने पाहा.

दुसरं, भीती वाटते म्हणजे शांती नाही, असा हिशेब मांडू नका. शेवटच्या भोजनाच्या रात्री येशू शिष्यांना म्हणाला, ‘मी आपली शांती तुम्हांला देतो.’ त्याच रात्री गेथशेमाने बागेत तो व्याकूळ होऊन प्रार्थना करत होता. भीती वरच्या थरात असते. शांती तिच्या खाली असते, आणि भीती असतानाही असू शकते.

मार्कच्या शुभवर्तमानातला श्रीमंत माणूस आठवतो ना? १०वा अध्याय. येशूनं त्याच्याकडे पाहिलं, त्याच्यावर प्रीती केली आणि बोलावलं. तो गेला नाही. त्याचं काहीच गेलं नाही, जमीनजुमला सगळा जागच्या जागी राहिला, तरी तो खिन्न होऊन परतला. मला दीक्षेआधी, म्हणजे फादर होण्याआधी, या ओळीनं फार छळलं. आपलं सगळं शाबूत ठेवूनही माणूस दुःखी होऊ शकतो.

मेणबत्ती:
फादर, धन्यवाद. ‘विचार उठून गेल्यावर काय राहतं’ हे लिहून ठेवलं. लग्नाच्या निर्णयालाही लागू पडतं हे.

परतवाट:
दुसरी बाजू कोणीतरी लिहायला हवी म्हणून लिहितो. मी सेमिनरीत, म्हणजे फादर घडवणाऱ्या संस्थेत, होतो. तत्त्वज्ञान पूर्ण केलं आणि बाहेर पडलो. आज लग्न झालंय, दोन मुली आहेत आणि मी शांत आहे.

फादरांशी बहुतांशी सहमत, पण आनंद एकटा धरून चालू नये असं माझं ठाम मत आहे. मला सेमिनरीत आनंद होता. खूप होता. वाचन आवडायचं, गायन आवडायचं, सुट्टीत घरी आलं की लोक आदरानं बोलायचे तेही आवडायचं. पुढे आध्यात्मिक मार्गदर्शकांनी एक प्रश्न विचारला: जिथे तुला कोणी ओळखत नाही, जिथे मिस्साला मोजकी म्हातारी माणसं येतात, तिथे तू स्वतःला आनंदानं राहताना बघू शकतोस का? मी त्या प्रश्नापाशी बरेच महिने थांबलो. उत्तर नाही असं आलं. मला त्या जीवनाचा परिसर आवडत होता, ते जीवन नव्हे.

निर्णय मी वैतागात घेतला नाही हे महत्त्वाचं. इग्नेशियसचाच नियम आहे, मन कोरडं आणि अंधारलेलं असताना आधीचा निश्चय बदलायचा नाही. आधी वादळ ओसरू दिलं. मग एका चांगल्या, निवांत रिट्रीटमध्ये (प्रार्थनेसाठी बाजूला काढलेल्या दिवसांत) ठरवलं आणि सेमिनरीच्या प्रमुखांना, रेक्टरना, सांगितलं. त्यांनी मला मिठी मारली.

उंबरठा, सेमिनरीत गेलास म्हणजे फादर झालास असं नाही. ती जागा शोध घेण्यासाठीच आहे. बाहेर पडलेल्याला ‘पाचारण हरवलं’ म्हणतात, ते मला अजूनही बोचतं. माझं पाचारण हरवलं नाही, मला तिथेच कळलं की ते वेगळं आहे.

साधा फादर:
परतवाट, तुमचा प्रश्न मी यापुढे तरुणांना विचारणार. एकच भर घालतो. मार्गदर्शकाशी इतकं मोकळं बोलता यावं म्हणून चर्चच्या कायद्यातच सोय आहे. कोणाला दीक्षा द्यायची किंवा कोणाला सेमिनरीतून काढायचं हे ठरवताना आध्यात्मिक मार्गदर्शकाचं किंवा पापांची कबुली ऐकणाऱ्या गुरूचं मत कधीही विचारता येत नाही. कलम २४०. तेव्हा जे मनात आहे ते बिनधास्त बोला.

कुतूहल:
मी ख्रिस्ती नाही, पण माझा जवळचा मित्र याच विचारात आहे म्हणून वाचतोय. ब्रह्मचर्य आणि आनंद यांची सांगड मला समजत नाही. घरदार सोडून एकांतात जाणं समजू शकतो. इथे तर माणूस रोज लोकांच्या लग्नात, बारशात, कुटुंबात वावरतो आणि रात्री एकटा खोलीत परततो. हे जास्त अवघड नाही का? प्रामाणिक प्रश्न आहे.

साधा फादर:
अवघड आहे. काही संध्याकाळी फार अवघड असतं, आणि कोणी फादर तसं नाही म्हणाले तर ते पूर्ण सांगत नाहीत.

आधी माहितीचं. ब्रह्मचर्य ही लॅटिन चर्चची, म्हणजे कॅथलिक चर्चच्या पाश्चात्य शाखेची, शिस्त आहे. ११३९च्या दुसऱ्या लॅटरन परिषदेनं धर्मगुरूंचे विवाह अवैध ठरवले, त्याआधीही ही परंपरा दीर्घ काळ होती. पूर्वेकडच्या कॅथलिक चर्चमध्ये विवाहित पुरुष गुरू होऊ शकतात, बिशप मात्र अविवाहितच. म्हणजे ब्रह्मचर्याशिवाय गुरुपद अशक्य असं चर्च म्हणत नाही. लॅटिन चर्चमध्ये ते दान म्हणून मागितलं जातं, डिकनपदाच्या (गुरुपदाआधीच्या पायरीच्या) दीक्षेच्या वेळी, सगळ्यांसमोर. आणखी एक, धर्मप्रांतीय गुरू दारिद्र्याचं व्रत घेत नाही, तो ब्रह्मचर्य आणि बिशपांच्या आज्ञापालनाचं वचन देतो. धर्मसंघातले गुरू दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तिन्ही व्रतं घेतात आणि समुदायात राहतात. एकटेपणाची फार धास्ती असणाऱ्यानं हा फरक आधी समजून घ्यावा.

आता तुमचा खरा प्रश्न. मध्यंतरी रात्री उशिरा फोन आला, वडील शेवटचे आहेत, याल का? त्या गृहस्थांनी चर्चची पायरी कित्येक वर्षं चढली नव्हती. खोलीत ऑक्सिजनच्या यंत्राचा एकसारखा आवाज. मुलगा दारात उभा, आत यावं की नाही हे त्याला कळत नव्हतं. मी सगळ्यांना जरा बाहेर थांबायला सांगितलं. आम्ही दोघं काय बोललो ते माझ्याबरोबर जाईल. मग घरच्यांना आत बोलावलं, कपाळाला आणि तळहातांना तेल लावून रुग्णाभ्यंग (आजाऱ्यांसाठीचा संस्कार) दिला. त्यांनी तेल लागलेला हात मुठीत घट्ट मिटून घेतला, जणू ते कोणी काढून नेईल. मुलगा पुढे आला आणि त्यानं ती मूठ आपल्या हातात घेतली.

परतताना मी एकटाच होतो, पण त्याला एकाकी म्हणता येणार नाही. मला कोणाचं तरी हक्काचं माणूस व्हायचं नव्हतं असं नाही. मी इतक्या जणांचा झालो की त्या घरात मध्यरात्री परक्या माणसाला सरळ आत घेतलं गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अंत्यविधी, संध्याकाळी एक लग्न. दोन्हीकडे मी पाहुणा नव्हतो. ब्रह्मचर्याचा आनंद असतो तो एवढाच, पण तो खरा असतो. मित्र लागतात, इतर गुरूंची सोबत लागते, प्रार्थना लागते. यातलं काही सुटलं की तीच खोली खायला उठते.

थोरली बहीण:
माझा धाकटा भाऊ फादर आहे, म्हणून घरच्यांच्या बाजूनं लिहिते. उंबरठा, तुझ्या बाबांविषयी वाचून राहवलं नाही.

आमचे बाबा वर्षभर भावाशी नीट बोलले नाहीत. ओरडले नाहीत, भांडले नाहीत, नुसते गप्प. आई रोझरी करायची आणि रडायची. मला तेव्हा वाटायचं की देव बोलावतो तर घरात एवढं दुःख का देतो. नंतर कळलं की बाबांना राग नव्हताच. भीती होती, की याला कोणीतरी भरीस घातलंय. त्यांची भीती कशानं गेली सांगू? दीक्षेआधी प्रत्येकाला स्वतःच्या हातानं लिहून द्यावं लागतं की मी हे स्वखुशीनं, पूर्ण मोकळेपणानं स्वीकारतोय. चर्चच्या कायद्यात सक्तीला साफ मनाई आहे. भावानं बाबांना हे सांगितलं आणि म्हणाला, बाबा, लिहिताना मला जराही अडखळायला झालं तर मी पेन खाली ठेवीन आणि घरी येईन. बाबा त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्याशी जेवताना बोलले.

दीक्षेला तो जमिनीवर पालथा पडला आणि सगळं चर्च संतांची लितानी (एकेका संताचं नाव घेत केलेली प्रार्थना) म्हणत होतं. नंतर बिशपांनी दोन्ही हात त्याच्या डोक्यावर ठेवले, एक शब्दही न बोलता, आणि मागोमाग सगळे फादर एकेक करून तसंच करत गेले. मी बाबांकडे बघत होते. त्यांचे ओठ हलत होते.

पण मला पुढचंही लिहायचंय, कारण दीक्षेच्या दिवसाचे फोटो सगळेच दाखवतात. काही वर्षांनी तो फार थकला. इमारतीची दुरुस्ती, हिशेब, समित्यांमधली भांडणं, एका जागी जरा रुजला की बदली. घरी आला की झोपायचा. हसणं गेलं होतं. मी घाबरले. विचारलं, सोडायचंय का? तो म्हणाला, नाही ताई, प्रार्थना सुटलीय. त्यानं पुन्हा मार्गदर्शकाकडे जायला सुरुवात केली, आठवड्याची सुट्टी खरोखर घ्यायला लागला, जुन्या बॅचच्या दोन फादरांना नेमानं भेटायला लागला. सावकाश माणूस परत आला. तेव्हा ‘आनंद टिकतो का’ याचं माझं उत्तर: आपोआप नाही टिकत. राखावा लागतो, आणि त्यात घरच्यांचाही हात लागतो. तुमच्या फादरांना जेवायला बोलवा, आणि बोलावल्यावर चर्चच्या तक्रारी सांगू नका.

मेणबत्ती:
शेवटच्या वाक्यासाठी +१००. आम्ही फादरांना भेटतो ते फक्त काही हवं असतं तेव्हा.

दुसरे वर्ष थिऑलॉजी:
मी सध्या सेमिनरीत आहे. उंबरठा, आत काय असतं याची कल्पना यावी म्हणून लिहितो.

आधी एक-दोन वर्षं तयारीचा काळ, त्यात अभ्यासापेक्षा प्रार्थना, स्वतःची ओळख आणि सेवा जास्त. मग तत्त्वज्ञान किमान दोन वर्षं, ईशज्ञान (थिऑलॉजी) किमान चार वर्षं. शेवटी डिकनपद, त्यानंतर निदान सहा महिन्यांनी गुरुदीक्षा. गुरुदीक्षेसाठी वयाची २५ वर्षं पूर्ण लागतात. १९९२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी गुरूंच्या घडणीच्या चार बाजू सांगितल्या: मानवी, आध्यात्मिक, बौद्धिक, सेवाकार्याची. ‘मानवी’ पहिली ठेवली आहे याचं महत्त्व मला आत येऊन कळलं. राग कसा हाताळतोस, स्त्रियांशी आदरानं आणि सहजपणे वागतोस का, टीका ऐकून घेतोस का, हे रोजच्या राहण्यात दिसतं आणि त्यावर बोललं जातं. काही धर्मगुरूंनी लहान मुलांवर केलेल्या अत्याचारांमुळे लोकांचा विश्वास तुटलाय. ती जखम खरी आहे. आमच्यापैकी कोणीही ती टाळून फादर होऊ शकत नाही. २०१९पासून तर असा प्रकार कळला तर चर्चच्या अधिकाऱ्यांना तो कळवणं प्रत्येक धर्मगुरूवर बंधनकारक आहे.

माझ्यापुरतं सांगायचं तर मला अभ्यास जड जातो. ग्रीक तर अजिबात डोक्यात शिरत नाही. त्यामुळे संत जॉन व्हियानी माझे आधार. लॅटिनमध्ये मागे पडले म्हणून सेमिनरीतून त्यांना परत पाठवलं होतं. एका वयस्कर गुरूंनी घरी शिकवून त्यांना उभं केलं, १८१५ साली दीक्षा झाली आणि १८१८मध्ये आर्स नावाच्या अगदी छोट्या गावात पाठवलं गेलं. पुढे फ्रान्सभरातून लोक त्यांच्याकडे पापनिवेदनासाठी येऊ लागले, ते दिवसाचे कितीतरी तास त्या छोट्या कक्षात बसून असत. १९२९ साली त्यांना जगभरातल्या धर्मग्रामांतल्या (पॅरिशमधल्या) गुरूंचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केलं. आणि हे मला सर्वांत जवळचं वाटतं: इतका मोठा संत, पण त्यांनी आर्स सोडून मठात जायचा एकदा नव्हे, अनेकदा प्रयत्न केला. आपण या कामाला लायक नाही असं त्यांना वाटायचं. प्रत्येक वेळी परत आले आणि १८५९मध्ये तिथेच वारले.

उंबरठा:
सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. परतवाट, तुमचा प्रश्न मी स्वतःला विचारला. मोजकी म्हातारी माणसं असलेल्या चर्चमध्ये स्वतःला बघितलं आणि खरं सांगतो, भीती कमी झाली. याचा अर्थ काय लावायचा कळत नाही.

फादर, आता नेमकं काय करू?

साधा फादर:
लगेच अर्थ लावू नका. तसंच राहू द्या, आणखी काही महिन्यांनी पुन्हा बघा.

एक आध्यात्मिक मार्गदर्शक शोधा, जो ऐकेल आणि तुमच्या वतीनं ठरवणार नाही. फादर व्हाच किंवा होऊ नकाच असं पहिल्या भेटीत सांगणारा असेल तर दुसरा शोधा. पापनिवेदन नियमित ठेवा. रोज थोडा वेळ पवित्र संस्कारासमोर (चर्चमध्ये ठेवलेल्या पवित्र भाकरीसमोर), काही न मागता. आजारी, म्हातारे, एकटे यांच्याकडे जायला लागा आणि तिथून परतल्यावर मनात काय राहतं ते पाहा, कारण गुरूचं आयुष्य बहुतेक तिथेच जातं. पाचारण विभागाच्या संचालकांना भेटा, ते रिट्रीट ठेवतात. नोकरी इतक्यात सोडू नका. सेमिनरीचा अर्ज करायची वेळ येईल तेव्हा बाप्तिस्मा आणि दृढीकरण (बाप्तिस्मा पक्का करणारा संस्कार) यांचा दाखला लागतो, तो काढून ठेवला तर हरकत नाही.

आणि सगळं ओझं स्वतःच्या खांद्यावर घेऊ नका. मला दीक्षेच्या विधीतला सर्वांत मोठा दिलासा एका जागी मिळाला. उमेदवाराला नावानं हाक मारतात, तो पुढे येतो, आणि बिशप विचारतात, हा योग्य आहे हे तुम्हांला माहीत आहे का? उत्तर उमेदवार देत नाही. चौकशी करून, लोकांना विचारून, दुसरा कोणीतरी देतो. मी तिथे उभा राहून मनाशी म्हणालो, बरं झालं, मला कोणी विचारलं नाही. देवाचं बोलावणं आत ऐकू येतं, पण ते बोलावणं आहे असं चर्चनंही म्हणावं लागतं. तुमची समजूत चुकत असेल तर ती लक्षात आणून देणारी माणसं वाटेत आहेत. परतवाटांना ती भेटली. माझ्या शांतीचा मोठा भाग यातून आलाय.

परतवाट:
बाबांना मात्र लवकर सांग. मी बाहेर पडायच्या वेळी जे जड गेलं ते हेच, घरच्यांना सगळं एकदम कळलं. अजून काही ठरलं नाही हेच सांग, शोध घेतोय म्हणून सांग.

थोरली बहीण:
आणि ते गप्प बसले तर बसू दे. त्यांना वेळ लागेल. तू बोलणं थांबवू नकोस.

कुतूहल:
फादर, तुमचं उत्तर मित्राला पाठवलं. तो ४४ वर्षांचा आहे, पत्नी वारली, मूलबाळ नाही. त्याला वाटतं आता उशीर झाला. खरंच झाला का?

साधा फादर:
विधुर पुरुषाला दीक्षा घेता येते. कमाल वयाचं बंधन चर्चच्या सार्वत्रिक कायद्यात नाही. काही बिशप आणि संघ आपली मर्यादा ठेवतात, तेव्हा त्याला थेट जाऊन विचारू द्या. दुःख ताजं असेल तर मात्र घाई नको. पत्नीच्या जाण्यानं रिकामी झालेली जागा भरायला दीक्षा घ्यायची नसते, आणि हे मार्गदर्शकापाशी मोकळेपणानं बोलावं लागेल.

इग्नेशियसचा जन्म १४९१चा, दीक्षा झाली १५३७मध्ये. म्हणजे वय ४६च्या आसपास, त्याआधी तिशीत तो लहान मुलांच्या शेजारी बसून लॅटिन शिकला होता. दीक्षेनंतरही पहिली मिस्सा त्यानं लगेच अर्पण केली नाही. दीड वर्ष तयारी करत थांबला आणि १५३८च्या नाताळात रोममध्ये ती अर्पण केली. मित्राला एवढं सांगा, आणि माझ्याशी बोलायचं असेल तर व्यक्तिगत संदेश पाठवा.